पाचवी ते दहावी: काय वाचावं?

श्यामची आई घरोघरी असतेच, त्यामुळे आज तिच्यापुढची पुस्तकं.

पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती बेधडक फास्टर फेणे द्या. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या शाळेत शिकतो आणि सायकलवर टांग मारून संकटांच्या मागे लागतो. पानं कधी संपली, मुलांना कळत नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही याच वयाचा सोबती.

सातवी-आठवीत मात्र प्रकाश नारायण संतांचा लंपन भेटायलाच हवा. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा. कानडी हेल असलेल्या भाषेत तो स्वतःशी बोलत राहतो. घटना तशा छोट्या, पण घरची आठवण येते तेव्हा पोटात कसं कालवतं, ते तो नेमकं सांगतो. सुरुवात ‘वनवास’पासून करा, पुढे शारदा संगीत, पंखा आणि झुंबर आहेतच. माझ्या मते मराठीत या वयाबद्दल याहून चांगलं लिहिलेलं सापडणं कठीण.

विज्ञानाची ओढ असेल, तर जयंत नारळीकरांच्या कथा आणि वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्वर’.

नववी-दहावीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, त्याची शाळा आणि मग पडलेला दुष्काळ. कादंबरी छोटी, पण खोल.

पालकांना एकच विनंती: पुस्तक संपल्यावर तात्पर्य विचारू नका.