नंदीबैल मान का हलवतो?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मृगाच्या तोंडावर नंदीबैल दारात येतो. पाठीवर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. महादेवाचे वाहन म्हणून आयाबहिणी त्याच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात. मग मालक ढोल गुबूगुबू वाजवून विचारतो, "पाऊसपाणी चांगलं होईल का?" नंदी मान हलवतो आणि सुपातले धान्य झोळीत पडते. कर्नाटकात यालाच कोले बसव म्हणतात, आंध्रात गंगिरेद्दू.

बैलाला प्रश्न कळतो का? नाही. त्याला मालक कळतो. बैलाचे डोळे दोन्ही बाजूंना असल्याने पाठीमागचा थोडा भाग सोडला तर त्याला सगळे दिसते. मालकाचा बदललेला आवाज, ढोलाची थाप, वेसणीच्या दोरीची हलकी ओढ एवढी खूण त्याला पुरते. १९०४ मध्ये जर्मनीत बर्लिनला हान्स नावाच्या घोड्याचा असाच बोलबाला झाला होता. तो टाप आपटून गणिते सोडवी! पुढे तपासात दिसले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही चुकतो. तो माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता.

मला स्वतःला मान हलवण्यापेक्षा दुसऱ्या खेळाचे नवल वाटते. मालक जमिनीवर उताणा झोपतो आणि नंदी त्याच्या छातीवर खूर अलगद टेकवतो, भार देत नाही. भ्यालेला बैल पाय असा तोलून धरणार नाही. आपण मात्र गोऱ्हा जुवाला लावताना पहिल्याच दिवशी पराणी काढतो. शिकवणारा माणूस एकच ठेवा, शब्द तेच वापरा, ऐकले की लगेच पेंडीचा घास द्या. वेसणीला हिसके देऊ नका. नाकात जखम होते, माशा बसतात आणि अळ्या पडतात.

राहिला पावसाचा प्रश्न. नंदीने होकार दिला म्हणून कोरडवाहू पेरणीची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेली, की मगच तिफण काढा. दुबार पेरणीचे बियाणे नंदी देत नाही.

त्याला सूपभर धान्य जरूर घाला. पाणी मात्र वेगळ्या बादलीतून पाजा, आपल्या बैलांच्या हौदावर नेऊ नका. गावोगाव फिरणाऱ्या जनावराच्या लाळेतून लाळ्या-खुरकूत येऊ शकतो.