ऊब पिशवीत नसते



डिसेंबर जवळ आला की माझ्याकडे फोन यायला लागतात. गेली पंचवीसेक वर्षं मी तरुण मुलामुलींना घेऊन सह्याद्रीत आणि हिमालयात भटकतो आहे, त्यामुळे असे फोन ओळखीचे झाले आहेत. ‘काका, केदारकंठाला चाललोय. स्लीपिंग बॅग उणे पाचची घेऊ की उणे दहाची?’ मी उलट विचारतो, ‘खाली काय घालणार?’ पलीकडून हमखास उत्तर येतं, ‘ट्रॅकपँट.’

मला विचारायचं असतं ते अंगाखालच्या अंथरुणाबद्दल.

हा प्रश्न मुळात माझ्या आजीचा. कॉलेजात असताना मी पहिली स्लीपिंग बॅग घेतली आणि मोठ्या ऐटीत जानेवारीत रतनगडावर गेलो. मुक्काम वरच्या गुहेत. बॅग चांगली जाडजूड होती, म्हणून पाठीवरचं ओझं कमी करायला कॅरीमॅट घरीच ठेवली होती. कातळावर एक चादर टाकली आणि आत शिरलो. पहिला तासभर मजेत गेला. मग पाठ, कंबर, खांदे असे एकेक अवयव गार पडत गेले. गंमत म्हणजे गुडघे आणि पोट उबदार होतं. रात्री दोननंतर मी रिकामी सॅक आणि दोराचं वेटोळं पाठीखाली घेऊन बसून राहिलो. घरी आल्यावर ही कहाणी सांगितली तेव्हा आजी म्हणाली, ‘आरं, वरून एवढं पांघरलंस, पन खाली काय घातलं व्हतंस?’

आजीच्या गावाकडे थंडीत एक गोधडी वर आणि दोन खाली असायच्या. तिला कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण कारण सरळ आहे. गोधडी काय, दुलई काय किंवा स्लीपिंग बॅग काय, ऊब राखते ती त्यातली अडकलेली हवा. कापूस, कृत्रिम धागे किंवा बदकाची मऊ पिसं यांचं काम एवढंच, की हवा धरून ठेवायची, तिला हलू द्यायचं नाही. आपण आडवे झालो की आपल्या वजनानं पाठीखालचा थर चेपून पापडासारखा होतो. हवा गेली, तिच्याबरोबर ऊब गेली. मग शरीरातली उष्णता थेट दगडात किंवा बर्फात उतरत राहते, रात्रभर. मॅटचा फोम सहज चेपत नाही म्हणून ती लागते. बर्फावर झोपायचं असेल तर एकावर एक दोन मॅट घालाव्यात. त्यांच्या रोधकतेची बेरीज होते. माझ्या मते पैसे कमी असतील तर बॅग मध्यम घ्यावी आणि मॅट चांगली घ्यावी. दुकानदाराला हे फारसं आवडत नाही.

आता दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात बर्फवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळतो, भुशात पुरतो. ते काय बर्फाला ऊब यावी म्हणून? गोणपाट आतलं तापमान आत ठेवतं आणि बाहेरचं बाहेर. स्लीपिंग बॅगही तेवढंच करते. त्या पिशवीत शेगडी एकच असते, ती म्हणजे आपण. शेगडी पेटलेली असेल तर पिशवी उबदार. शेगडी विझत आली असेल तर पिशवी कितीही महाग असो, ती फक्त गोणपाट.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते खरं कळलं २०१३ च्या डिसेंबरात.

केदारकंठा हे उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं साधारण साडेबारा हजार फूट उंचीचं शिखर. सांकरी गावातून चढाई सुरू होते, देवदार आणि ओकच्या रानातून वर जाते. आमच्याबरोबर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. उत्साही, सगळ्यांची सॅक उचलायला पुढे. वरच्या तळावर पोचल्यावर तो तासभर बर्फात खेळला. अंगात जीन्स होती. जेवायला बोलावलं तर म्हणाला, ‘भूक नाही, झोपतो.’ दमला असेल, असं मला वाटलं. मी त्या संध्याकाळी स्लीपिंग बॅगा मोजल्या होत्या, मॅट मोजल्या होत्या. त्याच्या पायातली जीन्स ओली आहे हे मी पाहिलं नाही.

रात्री अकराच्या सुमाराला त्याचा तंबूतला सोबती आला. म्हणाला, ‘काका, तो मघापर्यंत खूप कुडकुडत होता. विचारलं तर म्हणायचा, बरा आहे. आता कुडकुडायचा थांबलाय, पण नीट बोलत नाहीये.’

श्रोतेहो, हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. हुडहुडी भरणं हा शरीराचा ऊब तयार करण्याचा प्रयत्न असतो. माणूस उबदार न होताच ती थांबली, बोलणं जड झालं, हातानं चेन उघडता येईना, तर तो बरा झालेला नसतो, घसरत चाललेला असतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आणि बहुतेकदा माणूस बोलत नाही तो लाजेपायी. सगळे झोपलेत, कशाला उठवायचं!

आमचा गढवाली वाटाड्या माझ्याआधी तंबूत शिरला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘खाना खाया था इसने?’ आम्ही ओले कपडे उतरवले, कोरडे चढवले, डोक्यावर कानटोपी घातली, अंगाखाली आणखी दोन मॅट सरकवल्या. स्वयंपाकाच्या तंबूतून गरम पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि मोज्यात घालून काखेत आणि छातीशी ठेवल्या. हातपाय चोळले नाहीत. अशा वेळी चोळणं आणि चालायला लावणं दोन्ही धोक्याचं. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून गरम साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पाऊणएक तासानं तो पुन्हा थडथडा कुडकुडायला लागला. दुसऱ्याच्या कुडकुडण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही. सकाळी त्याला घेऊन आम्ही दोघं खाली उतरलो.

त्याची बॅग चांगल्या प्रतीची होती. ओली जीन्स, रिकामं पोट आणि आधीच गारठलेलं अंग, हे सगळं घेऊन तो तिच्यात शिरला होता. बॅगेनं ते जसंच्या तसं जपलं.

म्हणून मी सांगतो, रात्रीची ऊब संध्याकाळीच ठरते. तळावर पोचल्या पोचल्या घामाचे कपडे बदला. झोपायचे पायमोजे वेगळे ठेवा आणि ते पायात घालून चालू नका. दोन घट्ट जोड एकावर एक चढवले तर रक्त पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. पोटभर जेवा, आणि झोपताना शेंगदाणा चिक्की किंवा गुळाचा खडा खा. आत शिरण्याआधी जागच्या जागी चार उठाबशा काढा, पण घाम येईपर्यंत नव्हे. घट्ट झाकणाची गरम पाण्याची बाटली मांड्यांमध्ये घेऊन झोपा. सकाळी तेच पाणी न गोठलेलं प्यायला मिळतं. आणि लघवीला आधी जाऊन या. थंडीत ती जास्त होते, आणि पहाटे तीनला ‘जाऊ की नको’ या विचारात जी झोप जाते ती परत येत नाही. रमनं ऊब येते असं समजणारे पुष्कळ भेटतात. त्वचेकडे रक्त धावतं म्हणून तसं वाटतं, पण त्याच वाटेनं शरीरातली उष्णता बाहेर पडत असते.

तोंड बॅगेत खुपसून झोपायचा मोह होतो, तोही टाळा. श्वासातली वाफ आतच राहते आणि भरण ओलावते. दमट पिसं चिकटून बसतात, हवा धरत नाहीत. १९११ साली अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेले होते. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरला होता. त्यांच्या रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगा श्वास आणि घाम शोषून रोज गोठत गेल्या. आत शिरायचं तर शरीराच्या उबेनं बर्फ वितळवत इंचाइंचानं शिरावं लागे. पाच आठवडे ते हे करत होते. आपल्याला तेवढी परीक्षा नाही. सकाळी बॅग उलटी करून अर्धा तास उन्हात टाकली तरी पुरतं.

राहिला उणे पाच की उणे दहा हा प्रश्न. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तपासलेल्या बॅगेवर सहसा एकापेक्षा जास्त आकडे असतात. पहिला, कम्फर्ट, म्हणजे आरामात झोप लागेल असं तापमान. दुसरा, लिमिट, म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी निभेल ते. तिसरा एक्स्ट्रीम. त्या तापमानाला जीव वाचेल एवढीच अपेक्षा, झोपेचं नाव नको. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा कुठला आहे ते आधी विचारा. कम्फर्टचा आकडा स्त्रीच्या शरीरमानावर आणि लिमिटचा पुरुषाच्या शरीरमानावर काढतात, तेव्हा बहिणीसाठी बॅग घेताना भावाच्या बॅगेवरून अंदाज बांधू नका. भाड्याच्या बॅगेवर नुसतंच ‘उणे दहा’ लिहिलेलं असेल तर तो आकडा निम्माच धरा, हा माझा ठोकताळा.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. कितीही गारठा असो, तंबूत शेगडी, निखारे किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो आणि शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्या डिसेंबरानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. जेवणं झाली की टॉर्च घेऊन प्रत्येक तंबूपाशी जातो. जेवलात का, कपडे बदलले का, खाली काय घातलंय, असं विचारतो आणि समोरच्याला चार वाक्यं बोलायला लावतो. मुलं हसतात. ‘काका आले पायमोजे तपासायला’ असं एकमेकांना सांगतात, मला ऐकू येईल अशा बेतानं.

मी तपासतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)