धाराशिव येथील दंतवैद्यक परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण



थापटण्याने कच्चे-पक्के मडके ओळखणाऱ्या गोरोबाकाकांचे तेर येथून दूर नाही; भूल पक्की चढली की नाही हे खालच्या ओठावर टोचून ठरविणाऱ्या आपल्या व्यवसायाचे त्यांच्याशी मी थोडे नाते जोडले, तर स्वागताध्यक्षाचा हक्क समजून आपण ते चालवून घ्याल.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, १८८८ व १८८९ साली, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन कमिशने बसली. सबंध माणूस निजविण्यातल्या धोक्याविषयी तेथे असा खल चालला होता; परंतु एकच मज्जातंतू निजविण्याची युक्ती न्यूयॉर्कमध्ये हाल्स्टेड यांनी १८८४ सालीच कोकेनच्या साहाय्याने खालच्या जबड्यावर सिद्ध केलेली होती. पुढे नोव्होकेन आले, १९४३ साली लोफग्रेन यांनी लिग्नोकेन सिद्ध केले, आणि औषधाचा प्रश्न बहुतांशी मिटला. हाताचा प्रश्न मात्र मिटला नाही.

खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर करण्याच्या प्रचलित ब्लॉकला रुग्णाचा जबडा ऐसपैस उघडावा लागतो. अंगठ्याने हाडाची कड चाचपावी, विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सुई न्यावी, वीस-पंचवीस मिलिमीटरवर हाड लागले की किंचित मागे घ्यावी, दट्ट्या ओढून रक्त येत नाही याची खात्री करावी, आणि मगच औषध सावकाश सोडावे, असा त्याचा शिरस्ता. पण आमच्याकडे दाढ धरून येणाऱ्या कित्येक तरुणांच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत. याचे कारण गुटखा; त्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. ती कितपत अमलात आली याची साक्ष त्यांचे पांढुरके, ताठरलेले गाल देतात.

अशांसाठी वझिरानी यांनी १९६० साली आणि अकिनोसी यांनी १९७७ साली मांडलेली बंद तोंडाची पद्धत मला अमोल वाटते. दातावर दात ठेवून, गाल बाजूस ओढून, वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीत सुई मागे सरकवायची. हाड लागत नाही, म्हणून खोलीचा अंदाज अनुभवानेच बसतो. ग्रंथ वाचून तो येत नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. हा अंदाज असलेला हात कळंब-भूमला असला, तर एका दाढेसाठी रुग्णाला सोलापूर-लातूरची वाट धरावी लागत नाही.

म्हणून पाहुण्या अध्यापकांना माझी विनंती आहे : व्याख्याने थोडी आटोपती घ्या, आणि आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांचा हात हातात धरून हा ब्लॉक त्यांना शिकवा. आणि डॉक्टरांनो, तुम्हांलाही विनंती : दाढ निघाल्यावर रुग्णाला लगेच रजा देऊ नका, ताठरलेल्या गालावर पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण दिसला, तर त्याचा तुकडा तपासणीस पाठवा.