खेळाच्या मुखवट्याआडची लूट
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



पूर्वी लबाड माणूस दाराशी येत असे. ओटीवर बसलेले वडीलधारे त्याला तीन प्रश्न विचारीत : आपण कोण? आलात कोठून? आणि हवे काय? उत्तरे जुळली नाहीत, की त्याला वाट धरावी लागे. आज तो दाराशी येतच नाही. नातवाच्या हातातील मोबाईलवर तो खेळाचे रूप घेऊन अवतरतो. तेथे ओटी नाही, वडीलधारेही नाहीत. मात्र ते तीन प्रश्न आजही तितकेच उपयोगी आहेत.

पहिला प्रश्न – आपण कोण? जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांची एक चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली. एका गेम ॲपची ते भलामण करीत आहेत आणि आपली कन्या त्यातून रोज पैसे कमावते असे सांगत आहेत, असे तीत दिसत होते. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांच्यासारखाच. परंतु ती चित्रफीत संगणकाच्या साहाय्याने रचलेली होती. ती बनावट असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. तात्पर्य, डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, एवढा पुरावा आता पुरेसा नाही. नामवंत व्यक्ती खरोखरच तसे म्हणाली काय, हे तिच्या अधिकृत पानावर पाहावे. ॲप कोणी तयार केले, केव्हा प्रसिद्ध झाले, हेही तपासावे. सर्वच अभिप्राय एकाच साच्यातील स्तुतीचे असतील, तर ते विकतचे असण्याचा संभव मोठा.

दुसरा प्रश्न – आलात कोठून? जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ प्रथम मोजक्याच देशांत उपलब्ध झाला. इतरत्र अधीर झालेल्यांनी तो परभारे उतरवून घेतला. अवघ्या काही दिवसांत त्याची एक भेसळयुक्त प्रत संशोधकांना सापडली. दिसायला तोच खेळ. पण आत फोनचा ताबा परक्याच्या हाती देणारी आज्ञावली दडलेली. व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवरील दुव्यातून येणारी ‘एपीके’ फाईल याच जातीची असू शकते. प्ले स्टोअरवर आहे म्हणजे निर्दोषच, असे नव्हे. परंतु त्याबाहेरून आलेले ॲप घेऊच नये.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा – हवे काय? सोंगट्यांच्या खेळाला आपले एसएमएस कशाला वाचायचे असतात? संपर्कयादी कशाला हवी? ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी कशासाठी? एसएमएस वाचण्याची मुभा म्हणजे बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती. तसेच पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो.

काही ॲप फोन लुटत नाहीत, ती मन लुटतात. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलकात्यातील गार्डन रीच भागात सक्तवसुली संचालनालयाने अशाच एका गेम ॲपच्या प्रकरणात छापा घातला. तेथे १७ कोटींहून अधिक रोकड सापडली. तपासयंत्रणेने सांगितलेली रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे : आरंभी लोकांना जिंकलेली रक्कम विनासायास काढता येई. विश्वास बसून मोठ्या रकमा भरल्या गेल्यावर, यंत्रणेत सुधारणा चालू असल्याच्या सबबीखाली ती सोय एकाएकी बंद झाली. व्यापारी मनाला हे उमजावे. पहिला परतावा हा नफा नव्हे, ते आमिष आहे. ‘आधी कर भरा, मग रक्कम मिळेल’ ही मागणी आली, तर फसवणूक झालीच असे समजावे. दर वेळी निराळ्याच व्यक्तीच्या खात्यात पैसे भरावयास सांगणे, हीदेखील तीच खूण.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ व त्यांच्या जाहिराती यांना मनाई आहे. तेव्हा ‘खेळा आणि कमवा’ ही जाहिरातच धोक्याची घंटा होय. सप्तव्यसनांत द्यूताला प्रथम स्थान देणाऱ्या परंपरेला हे निराळे सांगणे नलगे.

आणखी एक सापळा तरुणांसाठी आहे. ‘तुझे बँक खाते वापरू दे, महिन्याला रक्कम देऊ,’ असे सांगून लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरविला जातो. पोलीस प्रथम त्याच खातेदाराच्या दारी येतात.

फसवणूक झालीच, तर क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे, बँकेस सांगावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहाराची छायाचित्रे जपून ठेवावीत. फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलावेत. खबर जितकी लवकर पोहोचेल, तितकी पैसा गोठविता येण्याची शक्यता अधिक असते.

परंतु ही खबर बहुधा उशिरा पोहोचते, कारण मुलगा घरी बोलत नाही. वडील रागावतील, नातलगांत बभ्रा होईल, या भयाने तो गप्प राहतो आणि गेलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा पैसे भरतो. ठकाचे खरे भांडवल हे मौन आहे. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. माणूस खचला, तर त्याला कोठून आणावे? म्हणून ‘असे कसे केलेस?’ हा प्रश्न नंतर विचारावा, ‘केव्हा गेले?’ हा आधी विचारावा आणि त्याच्या शेजारी बसून १९३० क्रमांक फिरवावा. घराघरांत ओटीवरचे ते जागरूक वडीलधारे पुन्हा बसोत, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षाची मंगल कामना.