दोन चाकांच्या मधली सीट

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अंटार्क्टिकाला जाऊन आलीस ना, त्यावर बोल. पेंग्विनचे फोटो दाखव." पेंग्विनचे फोटो मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतके टाकले की त्या आठवड्यात काहींनी ग्रुप म्यूट केला होता, हे मला कळलेलं आहे. म्हणून आज पेंग्विन नाहीत. आज मी दीडशे चौरस फुटांच्या एका खोलीबद्दल बोलणार आहे. जहाजावरची ती केबिन निवडायला मला चार महिने लागले आणि माझ्या आईला चार मिनिटं.

आपण झिरो माइलच्या गावची माणसं. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. बोट म्हणजे अंबाझरी किंवा फुटाळ्याची. जहाजात खोली कुठली घ्यायची, हे आपल्या घरात कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. मी त्याकडे एक प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणून पाहिलं. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर दुसरं काही येतही नाही.

आधी हे सांगते की छोटं जहाज का. अंटार्क्टिकाला नेणाऱ्या कंपन्यांची एक संघटना 1991 साली स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज माणसं उतरवतच नाही, नुसतं लांबून दाखवून आणतं. म्हणजे जहाज जितकं छोटं, तितका तुमचा जमिनीवरचा वेळ जास्त. पण छोटं जहाज हलतंही जास्त. आणि दक्षिण अमेरिकेचं टोक सोडलं की वाटेत ड्रेक पॅसेज लागतो. अरुंदात अरुंद ठिकाणी तो साधारण आठशे किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपलं नागपूर ते मुंबई. पण त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेच जमीन आडवी येत नाही. वारा आणि लाटा गोल फिरत राहतात, त्यांना अडवायला काही नाही. तो ओलांडायला दीड-दोन दिवस लागतात.

आमच्या जहाजावर दीडशेच्या आसपास प्रवासी होते. मी एक्सेल उघडलं. वीस प्रकारच्या केबिन, अकरा कॉलम: डेक, खिडकी, बाल्कनी, इंजिनाचा आवाज, नांगराच्या साखळीपासूनचं अंतर, लिफ्ट, जेवणघर, रबरी बोटीत उतरायची जागा, पलंगाची दिशा, न्हाणीघराचा उंबरठा, भाडं. प्रत्येक कॉलमला वजन दिलं. उत्तर आलं सहाव्या डेकवरची बाल्कनीची केबिन. खालच्या गोल खिडकीच्या केबिनपेक्षा कित्येक लाखांनी महाग.

आता खरं सांगते. ते उत्तर एक्सेलचं नव्हतं. "दृश्य" या कॉलमला चाळीस टक्के वजन मीच दिलं होतं. कारण ही सहल आईसाठी होती आणि तिला सगळ्यांत चांगली खोली द्यायची, हे मी आधीच ठरवलेलं होतं.

त्यामागचं कारण तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे. बाबा एप्रिल 2021 मध्ये गेले. त्या महिन्यात नागपुरात काय चाललं होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. या सभागृहातल्या अनेकांच्या घरून त्या महिन्यात कोणी ना कोणी गेलं. मी पुण्यात होते. मला सकाळी सहाला फोन आला, तोवर सगळं आटोपलं होतं. आईने रात्री फोन का केला नाही, हा प्रश्न मी तिला कधीच विचारला नाही. पण तो मनातून कधी गेलाही नाही. दर महिन्याला नागपूरला येत होते, तिच्या गोळ्यांचे डबे भरून देत होते, नवा फ्रिज, नवा टीव्ही आणत होते, आणि आतून रागावलेली होते. बाल्कनीची केबिन ही त्याच यादीतली पुढची वस्तू होती.

आईने एसटीत नोकरी केली. गणेशपेठच्या बसस्थानकात आरक्षणाच्या खिडकीवर तिची बरीच वर्षं गेली. तेव्हा संगणक नव्हता, कागदाचा तक्ता असायचा, त्यावर पेनाने नावं लिहायची. लॅपटॉपवर मी तिला जहाजाचा नकाशा दाखवला आणि मोठ्या कौतुकाने सहाव्या डेकवर बोट ठेवलं. तिने चश्मा लावला, नकाशा आडवा-उभा पाहिला आणि विचारलं, "याची चाकं कुठी?"

म्हटलं, "आई, जहाजाला चाकं नसतात."

"ते कळते मले. पण हालते कुठून? एसटीत मागच्या चाकाच्या मागं बसवलं की माणूस उडते. गरोदर बाई आली, म्हातारं माणूस आलं, तर मी दोन चाकांच्या मधली सीट द्यायची. खिडकी मिळो न मिळो. यात मधली सीट कोणती?"

मी गप्पच बसले. कारण अकरा कॉलममध्ये हा कॉलम होता, पण त्याला मी पाच टक्के वजन दिलं होतं.

आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांना बरं वाटावं म्हणून सांगते, आईचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. जहाज दोन तऱ्हांनी डोलतं. नाक वर-खाली होतं तेव्हा ते मधल्या भागाभोवती झुलतं, सी-सॉसारखं. टोकाला बसणारा सगळ्यांत जास्त हलतो, मधला सगळ्यांत कमी. आणि डाव्या-उजव्या बाजूला कलतं तेव्हा जितके तुम्ही उंचावर, तितका झोका मोठा. म्हणून मधोमध आणि खाली. ती जागा सगळ्यांत स्थिर असते आणि बहुतेक जहाजांवर ती स्वस्त असते, कारण लोक उंचीचे आणि दृश्याचे पैसे मोजतात.

आईला चकरेचा त्रास आहे. मान वळवली तरी कधी कधी घर फिरतं. हे मला माहीत होतं. तरीही मी तिला सहाव्या मजल्यावर चढवायला निघाले होते.

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर बाकीची माहितीही देऊन टाकते. डावी बाजू की उजवी, याला महत्त्व नाही. जहाज दिवसभर वळत असतं, बर्फ दोन्हीकडे दिसतो. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींवर साहेबलोक जाताना डावी आणि परतताना उजवी बाजू मागत, त्यावरून "पॉश" हा शब्द निघाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिला पुरावा मात्र सापडलेला नाही. वरच्या डेकवर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे नकाशात बघा. अगदी पुढची केबिन घेऊ नका, नांगर टाकताना साखळी कानाशी वाजते. न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो, म्हाताऱ्या माणसाला रात्री तोच पाडतो. आणि सगळ्यांत खालच्या गोल खिडकीची एक गोष्ट दलाल आपणहून सांगेलच असं नाही. समुद्र खवळला की कर्मचारी येतात आणि त्या खिडकीवर आतून लोखंडी झाकण लावून जातात. मग ती खिडकी नसल्यासारखीच.

ही शेवटची गोष्ट मी आईला सांगितली. म्हटलं, दोन दिवस अंधारात राहावं लागेल. शिवाय काही लोकांना क्षितिज दिसत राहिलं तर मळमळ कमी होते, तेही मिळणार नाही. ती म्हणाली, "झाकण लागन तं लागन. मी आडवी पडून राहीन."

मग मी तिला धीर द्यायला डॉ. अदिती पंत यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म आपल्या नागपूरचा, 1943 चा. डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया. त्याच मोहिमेत "दक्षिण गंगोत्री" हे आपलं पहिलं ठाणं उभं राहिलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना केबिन निवडाले भेटली होती काय?" त्या प्रश्नावर आमची केबिन ठरली. तिसरा डेक, मधोमध, गोल खिडकी.

जानेवारी 2024 मध्ये आम्ही निघालो. पहिल्या रात्री समुद्र शांत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली, एक मुलगा हसत आत आला आणि त्याने खिडकीवर झाकण फिरवून घट्ट बसवलं. त्या दिवसांत तिथे रात्र नावापुरती असते, बाहेर लख्ख उजेड, आणि आमच्या खोलीत काळोख. दिवा होता, पण हलता दिवा बघून आईला गरगरायला लागलं, म्हणून तिने तो बंद करायला सांगितला. लाट आदळली की भिंतीतून धडाधड आवाज यायचा. मी आडवी पडून स्वतःला दोष देत होते. एवढे पैसे भरून आईला कोठडीत आणून टाकलं. बाल्कनी हवी होती.

आणि मग, का ते सांगता येत नाही, कदाचित एकमेकींचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, मी विचारलं, "आई, त्या रात्री तू मला फोन का नाही केलास?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "केला असता तं तू गाडी काढून एकटी निघाली असतीस. रात्रीची. पुण्याहून. मले तुई सवय माहीत नाही काय? त्या रात्री माझ्यात एकाच माणसाची काळजी करायची ताकद होती. दोघांची नव्हती. म्हणून नाही केला." थोड्या वेळाने म्हणाली, "चूक केली असंन. पण मुद्दाम नाही केली."

मी उठून तिच्या पलंगाकडे गेले, धरत धरत, दोनदा आपटले. पुढचं सांगत नाही. इतकंच सांगते की तीन वर्षं मी तिला वस्तू देत होते, आणि तिला हवं होतं की मी एकदा विचारावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा आला आणि त्याने झाकण काढलं. गोल खिडकीत समुद्र सपाट होता आणि मधोमध एक हिमनग उभा होता, खालून निळा. आई उठून बसली, बघत राहिली आणि म्हणाली, "भेटली नं खिडकी." नाश्त्याला वर गेलो तर बाल्कनीवाले एक जोडपं पांढऱ्याफटक चेहऱ्याने बसलं होतं. रात्री ते खालच्या मजल्यावर जेवणघराबाहेरच्या सोफ्यावर झोपले होते. त्यांच्याकडे बघून मला आनंद झाला नाही. मी त्यांच्याच जागी असणार होते.

आई दोनदा किनाऱ्यावर उतरली. रबरी बोटीतून उतरताना पंजा धरायचा नसतो, एकमेकांचं मनगट धरायचं असतं, म्हणजे ओला हात निसटत नाही. तिला तसं धरून दोघांनी उतरवलं. बाकीचे दिवस ती जहाजावरूनच बघत बसली. तिला तेवढंच हवं होतं. मीही तिला आणखी चल म्हटलं नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण आता त्या वयात आलो आहोत की आईवडिलांसाठी आपण ठरवतो. कुठल्या मजल्यावरचा फ्लॅट, कुठल्या दवाखान्याची कुठली खोली, रेल्वेचा कुठला बर्थ. आपण हुशार आहोत, पैसेही थोडेफार आहेत, म्हणून कॉलम आपणच आखतो आणि वजनंही आपणच देतो. माझं एवढंच सांगणं आहे की तक्ता करायच्या आधी एकदा त्यांना विचारा. ज्यांचे आईवडील आता नाहीत, त्यांना मी हे सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. त्यांच्यापैकी कोणाला नुसतं बोलायचं असेल, तर मी उद्या संध्याकाळपर्यंत इथेच आहे.

आई आज आलेली आहे. तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध बसली आहे. पंखा अंगावर येत नाही आणि माइक कानात वाजत नाही, अशी जागा तिने आल्या आल्या हेरली.

जेवणाची वेळ झाली आहे, पाटवडी-रस्सा थंड होतोय. थांबते.