सटवाईचा कोरा कागद



 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून आज मला पेशीच्या नशिबाविषयी बोलायचे आहे.

घरात बाळ जन्मले की पाचवीच्या रात्री माझी आजी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, असे ती सांगे. सकाळी उठल्या उठल्या मी तो कागद बघायला धावायचे. तो कोराच असायचा. पुढे भ्रूणशास्त्र शिकवू लागले, तेव्हा एका योगायोगाने मला थबकवले. माणसाचा भ्रूणही फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशीच दोन वाटांना लागलेला स्पष्ट दिसतो. पोकळ चेंडूसारखा तो गोळा. त्याच्या बाहेरच्या थरातून पुढे वार घडणार, आणि आत एका कडेला चिकटलेल्या लहानशा पुंजक्यातून मूल. हे कोण लिहिते?

अंड्यातच सारे वाटून ठेवलेले असते, असे एकेकाळी वाटे. विल्हेल्म रू यांनी 1888 मध्ये बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापल्या सुईने मारली आणि त्यांना अर्धा भ्रूण मिळाला. तीनच वर्षांनी हान्स ड्रीश यांनी समुद्री अर्चिनच्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या. प्रत्येकीतून लहान, पण पूर्ण अळी तयार झाली. रू यांची मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती, फरक तिथे होता. शेजार मेलेला असला, तरी तो शेजारच असतो.

सस्तन प्राण्यांत हा प्रश्न आंद्रेय टार्कोव्स्की यांनी हाती घेतला. 1959 मध्ये त्यांनी उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी नष्ट केली. उरलेल्या एकीतून पूर्ण उंदीर जन्मला. 1961 मध्ये त्यांनी उलटा प्रयोग प्रसिद्ध केला: आठ पेशींचे दोन भ्रूण आवरण काढून एकमेकांना चिकटवले, आणि दोहोंतून एकच जीव घडला. अशा जोड-भ्रूणातून जन्मणारे पिल्लू दुप्पट मोठे नसते, नेहमीएवढेच असते. मी हे वर्गात सांगितले, की दरवर्षी क्षणभर शांतता पसरायची. पेशींना आपले ‘पूर्ण’ किती, हे कसे कळते?

1967 मध्ये टार्कोव्स्की आणि योआन्ना व्रुब्लेव्स्का यांनी उत्तर सुचवले: पेशी कुठे आहे, बाहेर की आत, यावर ती काय होणार ते अवलंबून असते. त्यामागची यंत्रणा पुढे हळूहळू उलगडली. आठ पेशींच्या अवस्थेत उंदराच्या भ्रूणातल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. पुढे त्या विभागत गेल्या, की बाहेरच्या पेशीला एक मोकळा पृष्ठभाग उरतो, आतली चहूबाजूंनी वेढली जाते. वेढलेल्या पेशीत हिप्पो नावाची संदेशसाखळी जागी होते आणि याप हे प्रथिन केंद्रकाबाहेर अडवून ठेवते. मोकळा पृष्ठभाग असलेल्या पेशीत ही अडवणूक होत नाही; याप केंद्रकात शिरते, टीड४ या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन मिळते, आणि वारेकडे नेणारे सीडीएक्स२ जनुक चालू होते. म्हणजे आपल्याला शेजारीण आहे की मोकळी हवा, एवढेच ती पेशी चाचपते.

आतल्या पुंजक्यात पुन्हा वाटणी होते. काही पेशींत नॅनॉग हे प्रथिन वरचढ, काहींत गाटा६ हे. पहिल्या देह घडवणार, दुसऱ्या पीतककोशाकडे जाणार. सुरुवातीला त्या तीळ-तांदूळ मिसळल्यासारख्या विखुरलेल्या असतात. नॅनॉगवाल्या पेशी एफजीएफ४ हा संदेश सोडतात, त्याने इतरांचा कल गाटा६कडे झुकतो. मग त्या सरकून आपापल्या थरात जातात. जिला जागा सापडत नाही, ती बहुधा मरते.

1981 मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन, तर सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी उंदराच्या भ्रूणाच्या आतल्या पुंजक्यातल्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. याच भ्रूणीय मूलपेशी. बशीत त्या उंबरठ्यावर उभ्या राहतात. पुन्हा भ्रूणात सोडल्या, की सगळ्या अवयवांच्या घडणीत सामील होतात. मात्र उंदरावरून माणसाचा अंदाज बांधताना सावध राहायला हवे. उंदराच्या या पेशी वारेच्या वाटेला सहसा जात नाहीत. माणसाच्या तशाच आरंभीच्या अवस्थेतल्या मूलपेशी जाऊ शकतात, हे 2021 मध्ये दिसून आले. आपल्या भ्रूणात तो दरवाजा जास्त काळ उघडा राहतो.

चार पेशींच्या अवस्थेतच पेशींमध्ये बारीक भेद असतात, असे काही संशोधक मानतात, आणि वाद अजून मिटलेला नाही. भेद असतील, असे मलाही वाटते. पण तो कल आहे, हुकूम नव्हे. तसे नसते, तर टार्कोव्स्कींचा उंदीर जन्मलाच नसता.

म्हणून मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपण ‘पेशीचे भवितव्य निश्चित होते’ असे लिहितो, कधी ‘पेशी निवड करते’ असेही लिहितो. पहिल्यात कपाळीचा लेख डोकावतो, दुसऱ्यात मन. आपल्या भाषेत ‘ठरत जाते’ असे सुंदर क्रियापद आहे. थोडे थोडे, शेजार बघत, मागे फिरायला वाव ठेवत जे घडते, ते या दोन शब्दांत नेमके बसते. पाठ्यपुस्तकांत ते यावे, यासाठी या परिषदेने प्रयत्न करावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

भ्रूणातली ही पहिली वाटणी आता वैद्यकातही कामाला येते. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज आपल्याकडच्या प्रयोगशाळांत पाचव्या दिवसाच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून मोजक्या पेशी जनुकीय तपासणीसाठी काढतात. आतल्या पुंजक्याला कुणी हात लावत नाही. पेशी निघाल्या, की भ्रूण आक्रसतो, पोकळी मिटते. सूक्ष्मदर्शकाशी बसून राहिले, तर काही तासांत तो पुन्हा पाणी भरून फुगताना दिसतो.