पाहणी कुणासाठी?

(फुलसावंगी, जि. यवतमाळ येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

घरात माणसं किती, वावर किती, कर्ज किती, हे विचारायला तुमच्या दारात पुष्कळजणी आल्या. पाहणी झाली, अहवाल झाला. तो कुणी तुम्हाला वाचून दाखवला का?

सुमित्रा भावे यांना हाच प्रश्न पडला होता. १९४३ साली पुण्यात जन्मलेल्या सुमित्राताईंनी मुंबईच्या टाटा संस्थेत समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. झोपडपट्टीतल्या बाया स्वतःकडे कशा पाहतात, याचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की अहवाल त्या बायांपर्यंत पोचतच नाही. म्हणून १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सिनेमा कुठं शिकलेल्या नव्हत्या. या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मुलाखतींत मागे वळून पाहताना त्या सांगत, की संशोधनातूनच आपण सिनेमाकडे आलो.

नंतर सुनील सुकथनकरांसोबत त्यांनी १९९५ साली ‘दोघी’ केला. दुष्काळी गावातल्या गौरीच्या लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो. मामा तिला मुंबईला नेतो आणि तिथं तिला शरीरविक्रय करावा लागतो. तिच्या पैशावर घर चालतं. पण धाकट्या बहिणीच्या लग्नाला ती येते, तेव्हा आईच तिला दूर ठेवते. पैसा घरात घ्यायचा आणि बाईला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायचं! आपल्या गावात हे नवीन आहे का? शेतकऱ्यानं आत्महत्या केली की चौकशी होते ती सातबाऱ्याची आणि कर्जाची. मागं राहिलेली बाई मजुरीला जाते, कापूस वेचते, पोरं वाढवते. पण लग्नकार्यात तिला मागंच उभं करतात.

२०१७ साली ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. २०२१ साली सुमित्राताई गेल्या. अखेरपर्यंत त्या स्वतःच पटकथा लिहीत राहिल्या.

आपल्याला कॅमेरा नको. पण आपलं म्हणणं कागदावर उतरलं, तर ते आधी आपल्याला वाचून दाखवा, चुकलं तर दुरुस्त करा, एवढं आपण म्हणू शकतो. आणि येत्या लग्नसराईत आपल्यातल्या विधवा बहिणीला हळदीला पुढं बसवायचं, हे तर आजच ठरवू शकतो. बोला, कोण तयार आहे?